झेलगड्याचे मोल

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. लंबगोल चेंडू हाती धरून पळायचे किंवा तो पुढे उभ्या असलेल्या सोबत्याकडे फेकायचा, आणि प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन हे थांबवायचे, असे या खेळाचे स्वरूप आहे. नावापुरतेच त्याचे आपल्या फुटबॉलशी नाते. तरीही या खेळाच्या धंद्यातला एक प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे, कारण तो केवळ खेळाचा प्रश्न नाही. एका ठरावीक रकमेत त्रेपन्न माणसांचा संसार चालवायचा असताना त्यांतल्या सर्वांत देखण्या गुणाला किती मोजावे, असा तो प्रश्न आहे. हिशेबाची वही ज्याच्या हाती असते, त्या प्रत्येकाच्या दारी तो केव्हा ना केव्हा येतोच.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा गडी मैदानात उतरतात. ज्या संघाकडे चेंडू असेल, त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार चढाया मिळतात. दहा यार्ड साधले की पुन्हा नव्या चार चढाया; न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे. प्रत्येक चढाईच्या आरंभी चेंडू एका माणसाच्या हाती येतो. तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे धिप्पाड अशा पाच जणांची भिंत उभी असते. ती तीन-चार सेकंद टिकली तर पुष्कळ झाले. तेवढ्या वेळात त्याने ठरवायचे की चेंडू शेजारच्या धावपटूच्या हाती द्यावा की दूर फेकावा. दूर फेकलेला चेंडू ज्याने धावता धावता, प्रतिपक्षाचा एखाददुसरा पाळतखोर अंगाला चिकटलेला असताना, हवेतून काढून घ्यायचा, त्याला तिकडे ‘वाइड रिसीव्हर’ म्हणतात. आपण त्याला झेलगडी म्हणू.

हा झेलगडी या खेळाचा मूळ रहिवासी नव्हे. पुढे चेंडू फेकण्याची मुभा १९०६ साली मिळाली, आणि तीही मैदानातल्या जीवघेण्या दुखापतींनी लोकमत खवळले म्हणून. त्यानंतरही बराच काळ धावपटूंचेच राज्य होते. ग्रीन बे पॅकर्स संघाच्या डॉन हटसनने १९३५ ते १९४५ या अकरा हंगामांत झेलण्याच्या कामाला एखाद्या विद्येची प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि खरा पालट झाला तो १९७८ साली. त्या वर्षी नियम बदलले. पहिल्या पाच यार्डांपलीकडे झेलगड्याला धक्के देण्यास बचावपटूंना मज्जाव झाला, आणि क्वार्टरबॅकपुढच्या भिंतीला हात पसरून प्रतिपक्षाला थोपविण्याची सवलत मिळाली. फेक सोपी झाली, झेल वाढले, प्रेक्षकांना ते आवडले. आणि जे प्रेक्षकांना आवडते त्याचा भाव वाढल्यावाचून राहत नाही.

हा भाव आकाशाला भिडू नये म्हणून नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे या धंद्यातल्या संघांच्या संघटनेने, १९९४ पासून वेतनाला मर्यादा घातली. लीगमध्ये बत्तीस संघ आहेत. दूरचित्रवाणीकडून येणारा पैसा प्रचंड आहे, आणि एकूण उत्पन्नाचा निम्म्याच्या जवळपास वाटा खेळाडूंना द्यायचा असा करार आहे. त्यावरून दर संघाने वर्षाला किती खर्चावे ते ठरते. १९९४ साली ही मर्यादा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२४ साली ती २५ कोटी ५४ लाख झाली. संघाचा मालक कितीही धनाढ्य असो, याहून अधिक त्याला हिशेबात दाखविता येत नाही. इतर देशांत श्रीमंत संघ पैशाच्या बळावर चांगले खेळाडू ओढून नेतात. येथे ती वाट बंद आहे. त्रेपन्न माणसांत २५ कोटी ५४ लाख सारखे वाटले, तर माणशी सुमारे ४८ लाख येतात. एकाला अधिक द्यायचे, तर दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून ते काढावे लागतात. मालकाच्या खिशातून नव्हे, सोबत्याच्या ताटातून. हा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे.

आता एका झेलगड्याची कहाणी पाहू. मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाकडे स्टेफॉन डिग्ज नावाचा उत्तम झेलगडी होता. मार्च २०२० मध्ये त्यांनी तो बफेलो बिल्स या संघाला देऊन टाकला, आणि मोबदल्यात नवोदितांच्या निवडीतले काही क्रमांक घेतले. ही निवड, म्हणजे ‘ड्राफ्ट’, दर वसंतात होते. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंतून संघांनी आपापल्या क्रमाने एकेक निवडायचा; कोणत्या संघात जायचे हे खेळाडूच्या हाती नसते. मिळालेल्या क्रमांकांपैकी बाविसावा वापरून व्हायकिंग्जनी जस्टिन जेफरसन हा मुलगा घेतला. त्या वर्षी डिग्जने बफेलोकडून १,५३५ यार्ड झेलून साऱ्या लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला, आणि जेफरसनने पदार्पणातच १,४०० यार्ड काढले. दोन्ही संघ तृप्त झाले. व्यापारात असे क्वचितच घडते.

पण दोघांच्या पगारातला फरक पाहा. २०११ च्या करारापासून नवोदितांचे वेतन त्यांच्या निवडीच्या क्रमांकावरून ठरते, आणि तीन हंगाम संपेपर्यंत त्याविषयी पुन्हा बोलणीही करता येत नाहीत. जेफरसनला चार वर्षांचे मिळून सुमारे १ कोटी ३१ लाख डॉलर मिळाले. या चार हंगामांत त्याने ५,८९९ यार्ड झेलले. जून २०२४ मध्ये मात्र व्हायकिंग्जना त्याच्याशी चार वर्षांचा १४ कोटी डॉलरचा करार करावा लागला, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी. त्यांपैकी ११ कोटी हमीचे होते. चार वर्षे एका भावाने, पुढची चार दहापटीहून अधिक भावाने! माणूस तोच, हात तेच.

इथेच या प्रश्नाचे मर्म आहे, असे मला वाटते. झेलगड्याला पैसे द्यावेत की नाही, हा वाद अमेरिकेत बहुधा ‘तो तेवढ्या लायकीचा आहे का’ या रूपात चालतो. लायकीबद्दल खरे म्हणजे वाद नाही. प्रश्न आहे तो वेळेचा आणि सोबतीचा. तो स्वस्त असताना त्याच्या कामाचे जे मोल संघाच्या पदरात फुकट पडत होते, ते महाग झाल्यावर पडत नाही. आणि झेलगडी हा एकच गडी असा आहे की ज्याला आपले काम सुरू करण्यासाठी दुसऱ्याच्या हाताची वाट पाहावी लागते. फेकणारा चुकला, भिंत कोसळली, तर जगातला सर्वोत्तम झेलगडी मोकळ्या जागी हात वर करून उभा राहतो, आणि चेंडू येतच नाही.

याचा सर्वांत खिन्न करणारा दाखला डेट्रॉइटचा. डेट्रॉइट लायन्सचा कॅल्विन जॉन्सन हा उंच, बलदंड आणि वाऱ्यासारखा वेगवान झेलगडी. त्याच्याशी संघाने मार्च २०१२ मध्ये १३ कोटी २० लाखांचा करार केला. त्याच वर्षी त्याने १,९६४ यार्ड झेलून एका हंगामाचा विक्रम रचला. आणि संघ? सोळा सामन्यांपैकी चार जिंकला, बारा हरला. जॉन्सनच्या नऊ हंगामांच्या कारकिर्दीत डेट्रॉइटला बाद फेरीचे दोनच सामने खेळायला मिळाले, आणि दोन्ही हातचे गेले. २०१६ च्या मार्चमध्ये, वयाच्या तिशीत, शरीर थकले म्हणून तो निवृत्त झाला. त्याच्यावर खर्च करणे चूक होते असे कोणी म्हणणार नाही. पण जो पैसा त्याच्यावर गेला, तो बचाव फळीवर जाऊ शकला नाही, हेही कोणाला नाकारता येणार नाही.

या प्रश्नाची परीक्षा पाहण्यासाठी २०२२ चा वसंत फार उपयोगी आहे. त्या मार्चमध्ये जॅक्सनव्हिलच्या संघाने ख्रिश्चन कर्क या खेळाडूला चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख देऊ केले. तोपर्यंत एका हंगामात हजार यार्डांची मजल त्याने एकदाही मारली नव्हती. बाजारात एकाने मामुली कापडाला रेशमाचा भाव दिला, की खरे रेशीम विकणारा काय करील? काही आठवड्यांतच लीगमधले तीन अव्वल झेलगडी आपापले घर सोडून गेले. तिघांच्याही जुन्या संघांनी मोबदल्यात क्रमांक घेतले, आणि तिन्ही ठिकाणी निष्कर्ष वेगवेगळे निघाले.

पहिला टायरीक हिल, कॅन्सस सिटी चीफ्स संघाचा. लीगमधला बहुधा सर्वांत चपळ गडी. त्याला चेंडू फेकणारा पॅट्रिक महोम्स. त्याच्याशी संघाने २०२० साली दहा वर्षांचा ४५ कोटींचा करार आधीच केलेला होता. दोन राजांचा थाट एका खजिन्यातून चालेना. कॅन्सस सिटीने हिलला मायामी डॉल्फिन्सकडे पाठविले आणि पाच क्रमांक घेतले. मायामीने हिलला चार वर्षांसाठी १२ कोटी दिले. पुढची दोन वर्षे हिलने मायामीसाठी अनुक्रमे १,७१० आणि १,७९९ यार्ड झेलले. दुसऱ्या वर्षी तो लीगमध्ये पहिला आला. म्हणजे मायामीला विकत घेतला तसाच माल मिळाला, त्यात खोट नव्हती. पण फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ या दोन्ही वेळा सुपर बोल, म्हणजे लीगचे अजिंक्यपद, जिंकले ते कॅन्सस सिटीने. मिळालेल्या क्रमांकांपैकी एक पुढे सरकवून त्यांनी ट्रेंट मॅकडफी हा बचावपटू घेतला, आणि झेलगड्यांवर पाळत ठेवणे हेच त्याचे काम! दोन्ही अंतिम सामन्यांत तो आरंभापासून मैदानात होता.

नियतीला विनोदाची हौस असावी. १३ जानेवारी २०२४ रोजी बाद फेरीत मायामीचा संघ कॅन्सस सिटीतच खेळायला गेला. तापमान उणे २० अंश सेल्सियस. उबदार किनाऱ्यावरून आलेले खेळाडू थिजून गेले. सामना कॅन्सस सिटीने २६-७ असा जिंकला. मायामीचे ते सातही गुण हिलच्या त्रेपन्न यार्डांच्या एका झेलामुळे लाभले होते. त्याने त्याचे काम केले होते. बाकीच्यांचे काय, हा प्रश्न त्या थंडीत उरला.

तरीही मायामीच्या व्यवस्थापकांना मूर्ख ठरविण्याची घाई कोणी करू नये. त्यांचा क्वार्टरबॅक तेव्हा नवोदिताच्या स्वस्त करारावर होता. फेकणारा स्वस्त असेपर्यंत झेलणारा महाग घेता येतो. त्याच विचाराने फिलाडेल्फिया ईगल्सने एप्रिल २०२२ मध्ये टेनेसी टायटन्सकडून ए. जे. ब्राउन हा झेलगडी घेतला आणि त्याला चार वर्षांसाठी १० कोटी दिले. फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स हाही तेव्हा स्वस्तच होता. ब्राउनने पहिल्याच वर्षी १,४९६ यार्ड झेलले आणि संघ फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात पोहोचला. तो ते ३८-३५ असे हरले. टेनेसीने मिळालेल्या क्रमांकातून घेतलेला तरुण झेलगडी ब्राउनची जागा भरू शकला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये फिलाडेल्फियाने टेनेसीला ३५-१० असे लोळविले, त्यात ब्राउनने दोन टचडाउन केले; आणि दोन दिवसांनी टेनेसीच्या सरव्यवस्थापकाला नारळ मिळाला. त्या हंगामातले शेवटचे सात सामने टेनेसी ओळीने हरली. कॅन्सस सिटीने जे केले तेच टेनेसीने केले होते. फरक एवढाच की कॅन्सस सिटीकडे महोम्स होता.

तिसरा दावांते अ‍ॅडम्स. ग्रीन बेने त्याला लास व्हेगास रेडर्सकडे दिले. अ‍ॅडम्स तेथे गेला तो पाच वर्षांच्या १४ कोटींसाठी खरा, पण महाविद्यालयापासूनचा त्याचा स्नेही डेरेक कार हा तेथे क्वार्टरबॅक होता, हेही एक कारण होते. अ‍ॅडम्सने १,५१६ यार्ड झेलले. संघाने सतरापैकी सहा सामने जिंकले. वर्ष संपण्यापूर्वीच कारला बाकावर बसविण्यात आले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला निरोप मिळाला. ज्याच्या भरवशावर झेलगडी आणला, तो फेकणाराच गेला! ऑक्टोबर २०२४ मध्ये अ‍ॅडम्सही दुसऱ्या संघात निघून गेला. ग्रीन बेचे पहिले वर्ष वाईट गेले, दुसऱ्या वर्षी मात्र स्वस्तातल्या तरुण झेलगड्यांना घेऊन त्यांनी बाद फेरी गाठली आणि तेथे डॅलसला ४८-३२ असे हरविले.

आता कराराच्या पोटात काय असते ते थोडे उकलून पाहू, कारण वर्तमानपत्रांतले मोठे आकडे वाचून फसगत होते. करारावर सही करतानाच खेळाडूला एक भलीमोठी उचल मिळते. ती एकदम हाती पडते, पण मर्यादेच्या हिशेबात ती पाच वर्षांपर्यंत सारखी विभागून दाखविता येते. त्यामुळे पहिल्या वर्षी संघावरचा बोजा हलका भासतो आणि व्यवस्थापक हुशार ठरतो. परंतु मधेच खेळाडू दुसरीकडे पाठविला किंवा सोडून दिला, तर उरलेले सारे हप्ते हिशेबात एकदम येऊन आदळतात. माणूस गेलेला असतो, त्याचे कर्ज घरात राहते. वर उल्लेखिलेल्या डिग्जला बफेलोने एप्रिल २०२४ मध्ये ह्यूस्टनला देऊन टाकले, तेव्हा त्याच्या नावे सुमारे ३ कोटी १० लाख त्या वर्षीच्या मर्यादेतून बुडीत गेले. जो मैदानात नाही त्याच्यासाठी! आणि आश्चर्य असे की त्या वर्षी बफेलोने सतरापैकी तेरा सामने जिंकले. त्यांचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कोण्या एका झेलगड्याकडे पाहण्याचे बंधन सुटल्यावर तो जो मोकळा दिसेल त्याच्याकडे चेंडू फेकू लागला.

झेलगड्यांच्या विरुद्ध जाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांची विपुलता. महाविद्यालयांत आज फेकीचाच खेळ चालतो; दर वसंतात तयार झेलगड्यांचे पीक येते. हिल स्वतः २०१६ साली १६५ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. लॉस एंजेलिस रॅम्सचा अनुभव तर बोधप्रद आहे. त्यांच्या कूपर कपने २०२१ च्या हंगामात १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन असे तिन्ही पहिले क्रमांक मिळविले, आणि फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात विजयी झेलही त्यानेच घेतला. अशा माणसाला नाही कोण म्हणणार? जूनमध्ये संघाने त्याचा करार वाढविला. पुढच्या हंगामात तो घोट्याच्या दुखापतीने बसला, संघ बारा सामने हरला. आणि २०२३ च्या निवडीत याच रॅम्सना १७७ व्या क्रमांकावर पुका नकुआ नावाचा मुलगा सापडला. त्याने पहिल्याच वर्षी १,४८६ यार्ड झेलून नवोदितांचा विक्रम केला. बक्षीस आणि वेतन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिले झालेल्या कामासाठी असते, दुसरे व्हायच्या कामासाठी. रॅम्सनी कपला दिले ते बहुतांशी बक्षीस होते, असे माझे मत आहे. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी त्याला मोकळे केले.

येथवर ऐकून श्रोत्यांना वाटेल, की मग झेलगड्यांना न देणेच शहाणपणाचे. तसे नाही. यार्डांच्या आकड्यांत न दिसणारे एक काम अव्वल झेलगडी करीत असतो. त्याच्या धाकाने प्रतिपक्षाला त्याच्यावर दोन-दोन माणसे ठेवावी लागतात, आणि ती दोन माणसे दुसरीकडून कमी होतात. धावपटूला वाट मिळते, दुय्यम झेलगडी मोकळे सुटतात. फिलाडेल्फियाने तर २०२३ साली हर्ट्सला साडेपंचवीस कोटींचा करार देऊनही एप्रिल २०२४ मध्ये ब्राउनला आणखी तीन वर्षांसाठी ९ कोटी ६० लाख दिले, त्याच महिन्यात दुसऱ्या झेलगड्यालाही साडेसात कोटी दिले, आणि तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये ते कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवून अजिंक्य झाले. मी मांडलेल्या नियमाला हा सरळ अपवाद आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. त्या सामन्यात ब्राउनने मात्र तीनच झेल घेतले. सामना जिंकून दिला तो बचाव फळीने, आणि तिच्यात कूपर डीजीनसारखे, पहिल्याच वर्षाच्या स्वस्त करारावरचे पोरगेले गडी होते. त्याने तर प्रतिपक्षाची फेक मधेच पकडून थेट टचडाउन केला. महाग झेलगडी परवडण्यासाठी फेकणारा स्वस्त नसेल, तर दुसरे कोणीतरी स्वस्त आणि चांगले असावे लागते. असे गडी पारखून आणण्याची विद्या ज्या संघाला येते, त्याला चार पैसे दिमाखात खर्चण्याचा अधिकार पोहोचतो.

आणि खेळाडूची बाजू? तिच्याकडे पाहिल्यावाचून हा हिशेब अपुरा राहील. व्यवस्थापकापुढे दर वसंतात नवे पीक असते. खेळाडूपुढे एकच देह असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रँडन आयुकने उन्हाळाभर अडून बसून २०२४ च्या ऑगस्टअखेर चार वर्षांचा १२ कोटींचा करार मिळविला. तेव्हा हावरेपणाचा आरोप त्याच्यावर पुष्कळांनी केला. २० ऑक्टोबरला, म्हणजे दोन महिनेही लोटले नव्हते, गुडघ्याचा स्नायुबंध तुटून त्याचा हंगाम संपला. सही लांबली असती तर? ज्या मुलाने विशीच्या आरंभी चार वर्षे पडत्या भावात हाडे झिजविली, तो बाजार अनुकूल होताच सारे वसूल करू पाहतो, यात मला लोभापेक्षा दूरदृष्टीच अधिक दिसते. संघ सोडून देताना कृतज्ञतेचा विचार करीत नाही. मग सही करताना त्याने तो का करावा?

या सगळ्या गुंत्याचे ताजे उदाहरण सिनसिनाटी बेंगल्सचे आहे. जमार चेस हा त्यांचा झेलगडी. २०२४ साली १२७ झेल, १,७०८ यार्ड, १७ टचडाउन, तिन्हींत लीगमध्ये पहिला. ७ नोव्हेंबरला बाल्टिमोर येथे त्याने एकट्याने २६४ यार्ड झेलले आणि तीन टचडाउन केले. सिनसिनाटी तो सामना ३५-३४ असा हरली. त्याच वर्षी ते ३३ गुण करून वॉशिंग्टनकडून हरले, ३८ करून बाल्टिमोरकडून आणि पुन्हा ३८ करून पिट्सबर्गकडून. नऊ विजय, आठ पराभव. बाद फेरी हुकली. उणीव कोठे आहे हे आंधळ्यालाही दिसावे. मार्च २०२५ मध्ये संघाने चेसला चार वर्षांसाठी १६ कोटी १० लाख दिले, आणि त्याचा जोडीदार टी हिगिन्स यालाही साडेअकरा कोटी दिले. क्वार्टरबॅक जो बरो याचा साडेसत्तावीस कोटींचा पाच वर्षांचा करार २०२३ पासून होताच. तिघांची वार्षिक सरासरी एकत्र केली तर ती १२ कोटी ४० लाखांवर जाते. त्या वर्षीची संपूर्ण मर्यादा होती २७ कोटी ९२ लाख.

बरोने स्वतः या जोडीसाठी आग्रह धरला होता, आणि तो नाराज होऊन चालणार नव्हते. पण २०२४ साली प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकला साडेसतरा वेळा लोळवून लीगमध्ये पहिला आलेला, त्यांच्याच बचाव फळीतला ट्रे हेंड्रिक्सन याच्या पगाराचा वाद मात्र ऑगस्ट संपत येईतो चालला, आणि अखेर एका वर्षाच्या वाढीवर मिटला. सप्टेंबरमध्ये हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात बरोच्या पायाच्या बोटाला दुखापत झाली. शस्त्रक्रिया करावी लागली. तो परतला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तोवर लीगमधली सर्वांत महाग झेलगड्यांची जोडी दुसऱ्यांच्या फेकी झेलीत होती.